डॉक्टर प्रेविट यांचं कोरं पान

१

बुधवारी संध्याकाळी घेवड्याच्या सूपचं पातेलं दोन्ही हातांत धरून मी युनियनच्या जुन्या हॉलमध्ये शिरले, तेव्हा चार बायका सूचनाफलकापुढे वाकून उभ्या होत्या. वाकून अशासाठी, की जे काही वाचायचं होतं ते फलकाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर टोचलेलं होतं. वर निम्मा फलक मोकळा होता. मला पाहून त्या बाजूला झाल्या, आणि बाजूला होताना एकीनंही माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

दोन कागद होते, संगणकावरून छापलेले. डॉक्टरांना औषधाच्या आणि उपकरणांच्या कंपन्यांकडून काय मिळतं ते कुणालाही पाहता यावं म्हणून सरकार एक नोंदवही उघडी ठेवतं, तिच्यातली ही पानं. एका पानावर नाव होतं डॉ. रोविना टॅकेट आणि रक्कम होती एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे डॉलर. शेजारच्या पानावर डॉ. लायल प्रेविट, रक्कम शून्य. कुणी पेनानं एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

माझ्या पर्समध्ये त्या वेळी एक अर्ज होता. माझा नवरा व्हर्जिल चौपन्न वर्षांचा, त्यातली तीस वर्षं कोळशाच्या खाणीत गेलेली. आमच्या खोऱ्यात ज्याला काळी फुप्फुसं म्हणतात तो आजार त्याला आहे की नाही, हे ठरवायला सरकार स्वतःच्या खर्चानं एक तपासणी करून देतं. डॉक्टर मात्र यादीतून आपण निवडायचा, एकदाच. त्या एका डॉक्टरच्या शब्दावर पुढचे उपचार आणि दरमहाचा भत्ता ठरायचा. अर्ज शुक्रवारी चारच्या आत टपालात पडायला हवा होता, आणि यादीतली जवळची नावं दोनच होती, टॅकेट आणि प्रेविट. मी टॅकेट लिहिणार होते.

दर बुधवारी त्या हॉलमध्ये धाप लागणारी माणसं जमतात, जेवतात, एकमेकांची चेष्टा करतात. त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही. सूप वाढायच्या आतच तिघांनी टॅकेटबाईंची वेळ रद्द करायचं ठरवलं. व्हर्जिल दाराजवळच्या खुर्चीत बसून श्वास गोळा करत होता. मी जाऊन सांगितलं, तर म्हणाला, "मग प्रेविट लिही. तो तरी स्वच्छ आहे."

तेवढ्यात वांडा स्टिडम आली. सफरचंदाचा केक टेबलावर ठेवून तिनं चष्मा लावला, गुडघे टेकून दोन्ही कागद वाचले आणि टॅकेटबाईंचं पान टाचणीतून काढून उजेडाकडे धरलं.

"नेडीन, इकडे ये," ती म्हणाली. "या पानाचा खालचा भाग फाडलाय."

२

वांडाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या डोंगरात ज्या पहिल्या बायका खाणीत उतरल्या त्यांतली ती एक, आणि पुढे अठरा वर्षं फायरबॉस होती. कामाची पाळी सुरू होण्याआधी जो एकटा आत जातो, वायू मोजतो, छत ठोकून पाहतो, तो फायरबॉस. प्रत्येक जागा तपासली की तिथे खडूनं तारीख घालायची आणि नावाची आद्याक्षरं लिहायची. ती खूण दिसल्याशिवाय एकही माणूस पुढे पाऊल टाकत नाही. वांडाच्या खडूवर विश्वास ठेवून व्हर्जिल अठरा वर्षं आत गेला आणि रोज बाहेर आला. या बाईचं देणं माझ्यानं फिटणार नव्हतंच, त्यात या आठवड्याची भर पडली.

गुरुवारी सकाळी सातला ती आमच्या स्वयंपाकघरात हजर. व्हर्जिल आरामखुर्चीत झोपला होता. आडवं झोपणं त्याला उन्हाळ्यापासून जमत नाही. कॉफीचा डबा वरच्या फळीवर असायचा, तोही मी ऑगस्टमध्ये खाली ओट्यावर आणला. वांडानं कॉफी करता करता डब्याकडे पाहिलं.

"कोपऱ्यात तारीख छापलीय," तिनं मला पान दाखवलं. "मंगळवार, दुपारी दोन चाळीस. गावात छापायचं यंत्र एकच, वाचनालयातलं. आता टॅकेटवर दात कोण धरून आहे, ते तू सांग."

मी बोटांवर मोजून सांगितलं. ट्रुडी मेसर, टॅकेटबाईंच्या दवाखान्यात नावं नोंदवायची, भांडून गेली आणि आता प्रेविटकडे तेच काम करते. बर्चेल हेन्स्ली, टॅकेटबाईंनी तपासूनही त्याचा दावा फेटाळला गेला. आणि तिसरा सांगताना माझी जीभ अडखळली, कारण तो माझा सख्खा भाऊ. क्लॉइड कोळसा कंपनीच्या कचेरीत बसतो, आणि व्हर्जिलचा दावा मंजूर झाला तर पैसे कंपनीला भरावे लागणार.

वांडानं मंगळवारी कोण कुठे होतं ते विचारलं. मी म्हणाले की मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते आणि व्हर्जिल न्हाव्याकडे. ती मान डोलावून उठली. व्हर्जिलच्या खुर्चीमागे क्षणभर थांबून तिनं त्याच्या कॉलरवर आलेले कुरळे केस पाहिले, गालातल्या गालात हसली आणि दार उघडलं.

"कागद लावणाऱ्याला टॅकेटचा राग आहे असं तू धरून चाललीयस," ती म्हणाली. "मला तसं नाही वाटत."

३

ट्रुडी आम्हाला डॉ. प्रेविट यांच्या दवाखान्याबाहेर सिगारेट ओढताना सापडली. फुप्फुसाच्या डॉक्टरच्या दारात सिगारेट, म्हणजे ट्रुडीच. सहा फुटांची बाई, खाली कागद लावायचा म्हणजे तिला दुमडूनच घ्यावं लागलं असतं. तिनं टॅकेटबाईंना यथेच्छ नावं ठेवली: शिस्तीची फार, एका रुग्णाला पाऊण तास देणार आणि बाकीच्यांनी ताटकळत बसायचं. पण मंगळवारी ती पाचपर्यंत जागेवरून हलली नव्हती, आणि भिंतीवर तिची हजेरीची पट्टी होती. आम्ही निघालो तेव्हा वांडानं सहज विचारलं की प्रेविट एका रुग्णाला किती वेळ देतात.

"दहा मिनिटं," ट्रुडी म्हणाली. "खाणवाल्यांना सात."

बर्चेल घरी होता, नाकात प्राणवायूची नळी आणि मांडीवर मांजर. माझी खात्री होती की हाच. हात वर करायची ताकद नाही, म्हणजे कागद खालीच लावणार. त्यानं आरोप ऐकून घेतला आणि खुशीत आला.

"मी लावला असता तर खाली माझं नाव घातलं असतं," तो म्हणाला. "आणि चार शिव्या. फुकटचं श्रेय कुणाला देऊ कशाला?"

शिवाय मंगळवारी नात त्याला गाडीनं लेक्सिंग्टनला घेऊन गेली होती, आणि तिथे चुकीच्या जागी गाडी लावल्याची पावती त्यानं फ्रिजवर चिकटवली होती. दावा फेटाळल्याबद्दल तो टॅकेटबाईंना दोष देत नव्हता. बाईंनी स्पष्ट लिहिलं होतं, काळी फुप्फुसं. पण कंपनीच्या बाजूनं दुसऱ्या एका डॉक्टरनं त्याचा एक्स-रे वाचला आणि लिहिलं की हे तर जुन्या न्यूमोनियाचे डाग. न्यायाधीशानं त्याचं ऐकलं.

"त्या डॉक्टरचं नाव?" वांडानं विचारलं.

बर्चेलनं मांजराला खाली सोडलं, खणातून निकालपत्र काढलं आणि बोट ठेवलं. डॉ. लायल प्रेविट.

४

क्लॉइडला गाठायला आम्ही जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या फाटकाबाहेर उभ्या राहिलो. मला तोंड उघडायचं नव्हतं. लहानपणी याच भावानं मला पोहायला शिकवलं, आणि आता मी त्याला विचारायला आले होते की माझ्या नवऱ्याच्या तोंडचा घास काढलास का. तो गाडीत बसून सँडविच खात होता. आम्हाला पाहून त्यानं खिडकीची काच खाली केली आणि सँडविच कागदात परत गुंडाळलं.

वांडानं कागदांबद्दल विचारलंच नाही. "प्रेविटला पैसे कोण देतं रे?" एवढंच विचारलं.

क्लॉइडनं आधी फाटकाकडे नजर टाकून कुणी येत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला की आपल्याला अजून सहा वर्षं नोकरी करायचीय, आणि हे आपण बोललो नाही असं समजा. कंपनीच्या वकिलांकडे एक्स-रे जातात, वकिलांकडून प्रेविटकडे, आणि प्रेविटचं बिल फिरून याच्या टेबलावर येतं. दर ख्रिसमसला डुकराच्या मांसाचं एक अख्खं हॅमही जातं. पाठवायचं काम क्लॉइडचंच.

"पण सरकारच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे शून्य आहे," मी म्हणाले.

"असणारच. ती नोंदवही औषधवाले आणि यंत्रवाले भरतात, नेडीन. आम्ही कोळसा विकतो. आम्हाला कोण विचारतंय?"

मी तिथेच गाडीला टेकले. मग त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला की तुमच्या अर्जाचं रविवारी कळलं तेव्हापासून तुला हे सांगायला तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. माझा त्याच्यावरचा संशय तिथेच फिटला. त्याला मी काय काय म्हणणार होते ते मी आजवर सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

घरी येताना मी वांडाला म्हणाले की प्रकरण मिटलं, प्रेविट बाद, अर्जावर टॅकेट लिहून मोकळी होते.

"एक भिंत तपासली," वांडा म्हणाली. "दुसरी राहिलीय. ते एक लाख त्र्याऐंशी हजार कुठून आले?"

५

वाचनालयात आम्ही टॅकेटबाईंचं पान पुन्हा छापून घेतलं, या वेळी शेवटपर्यंत. फाडलेल्या भागात त्या रकमेची फोड होती. जवळजवळ सगळी रक्कम संशोधन या सदरात, आणि घेणाऱ्याच्या जागी बाईंच्या नावाबरोबर विद्यापीठाचं रुग्णालय. दोन-तीन किरकोळ ओळी जेवणाच्या होत्या. जुन्या वर्षाचं पान उघडलं तर तिथे मात्र भाषणांचं मानधन म्हणून साडेचार हजार डॉलर दिसले, थेट बाईंच्या नावावर.

शुक्रवारी सकाळी टॅकेटबाई दवाखान्यात एकट्याच बसल्या होत्या. बाहेरच्या खुर्च्या रिकाम्या. वांडानं दोन्ही पानं त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "डॉक्टर, मला वाईट बोलता येत नाही आणि गोडही येत नाही. हे तुमच्या खिशात गेलं का?"

मला वाटलं, आता बाई आम्हाला दार दाखवणार. त्यांनी चष्मा पुसला आणि नीट समजावून सांगितलं. फुप्फुसं कडक होत जातात त्यावरच्या एका औषधाची चाचणी त्या चालवतात. कंपनीचा पैसा रुग्णालयात जातो, तिथून नर्सांच्या पगाराला आणि तपासण्यांना. चाचणीची जबाबदारी त्यांची, म्हणून नोंद त्यांच्या नावावर. मग त्यांनी स्वतःहून साडेचार हजारांवर बोट ठेवलं.

"हे मात्र माझ्या खिशात गेले. एका इन्हेलरच्या कंपनीसाठी तीन भाषणं दिली होती. वर्षभरानं लक्षात आलं, मी तेच इन्हेलर जास्त लिहून द्यायला लागलेय. स्वस्तातलं तितकंच चांगलं होतं. म्हणून भाषणं सोडली." त्यांनी दोन्ही पानं वांडाला परत दिली. "अकरा वर्षं इथे येते. हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. विचारलंत, बरं केलंत. मी कुठलंही औषध लिहिलं की विचारत जा, हेच का म्हणून."

मला तेव्हाच ठरवता आलं. जी बाई न विचारलेली चूक सांगते, तिच्यापुढे मी माझा नवरा बसवू शकत होते. रस्त्यावर आल्यावर मी घड्याळ पाहिलं. साडेबारा.

"आता व्हर्जिलची सही घ्यायची आणि टपालात टाकायचं," मी म्हणाले.

"तो सही करणार नाही," वांडा म्हणाली. "चल, मीही येते."

६

व्हर्जिल टेबलाशी बसून वर्तमानपत्रातली सवलतीची कुपनं काढत होता. कात्री तो कधीच घेत नाही. कागद टेबलाच्या कडेवर दुमडायचा, नखानं घडी घट्ट करायची आणि सरळ फाडायचा. वांडानं त्याच्यासमोर बसून फलकावरून आणलेली दोन्ही पानं टेबलावर ठेवली. फाटक्या पानाची कड कुपनांच्या कडेसारखीच होती, सरळ आणि किंचित तंतू निघालेली. मी अजूनही नीट पाहत नव्हते.

वांडा हळू आवाजात, घाई न करता बोलत गेली. ट्रुडी मंगळवारी कामावर होती. बर्चेल लेक्सिंग्टनला. क्लॉइडला प्रेविटचं भलं करायचं असतं तर हॅमची गोष्ट त्यानं सांगितली नसती. मग राहिलं कोण? ज्याला टॅकेटचा राग नव्हता, तर भीती होती. ज्याला भांडण न करता एका बाईचं मन वळवायचं होतं, आणि ती बुधवारी सूप घेऊन येणार हे माहीत होतं. जो मंगळवारी न्हाव्याकडे गेला आणि केस न कापता आला. हात खांद्याच्या वर नेला की ज्याला धाप लागते.

मी ओट्यावरच्या कॉफीच्या डब्याकडे पाहिलं. तो खाली मीच आणला होता. वांडानं नाव घेतलं नाही, आणि घ्यायची गरज उरली नव्हती.

मला रडू आलं नाही, संताप आला. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि हा माणूस मला सांगायचं सोडून फलकावर कागद लावून आला. एका भल्या बाईची अब्रू घालवून आला. मी उठले तर त्यानं माझा दंड धरला.

"नेडीन, बस." त्याला वाक्य पुरं करायला दोनदा थांबावं लागलं. "लेस्टर तिच्याकडे चालत गेला होता. तिनं आजाराचं नाव सांगितलं आणि आठ महिन्यांत माझा भाऊ गेला. मला नाव नको होतं. जो काही बोलणार नाही असा डॉक्टर हवा होता. ते शून्य पाहिलं आणि वाटलं, हा माणूस स्वच्छ आहे, हा मलाही स्वच्छ म्हणेल."

आमच्याकडचे पुरुष असेच. काम असेपर्यंत एक्स-रे काढत नाहीत, कारण एक्स-रेनं काम जातं असं त्यांना वाटतं. पुढे काम सुटलं तरी ती सवय सुटत नाही.

"लेस्टर उशिरा गेला तिच्याकडे," वांडा म्हणाली. "आणि एक सांग. मी आजारी पडले होते त्या आठवड्यात तू खाणीत आलास, भिंतीवर खडू नव्हता. गेलास पुढे?"

"नाही."

"का? वायू आहे असं तर कुठे लिहिलं नव्हतं."

"वायू नाही असंही लिहिलं नव्हतं," व्हर्जिल चटकन म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर समोरच्या दोन पानांकडे पाहत राहिला. त्यानं प्रेविटचं पान हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. मग आम्ही त्याला बिलांचं, वकिलांचं आणि हॅमचं सांगितलं.

"म्हणजे इथे कुणी गेलंच नव्हतं बघायला," तो म्हणाला.

घड्याळात अडीच वाजले होते. त्यानं अर्ज मागितला, माझं पेन मागितलं आणि स्वतःच्या हातानं टॅकेट लिहिलं. मग खाली सही केली. टपाल कचेरीपर्यंत तो गाडीतून आला आणि पाकीट त्यानंच पेटीत टाकलं. परत येताना मी त्याच्याशी बोलत नव्हते, पण त्याचा हात मी धरला होता.

७

पुढच्या बुधवारी व्हर्जिल माझ्याआधी हॉलमध्ये जाऊन बसला. सगळे जमल्यावर तो उठला आणि टॅकेटबाईंचं पूर्ण पान त्यानं फलकावर लावलं, तिथेच, कमरेच्या उंचीवर, त्याच टाचणीच्या भोकात. शेजारी प्रेविटचं पान आणि बर्चेलच्या निकालाची प्रत. मग खिशातून खडू काढून फलकाच्या लाकडी चौकटीवर त्यानं तारीख घातली आणि स्वतःची आद्याक्षरं लिहिली, व्ही. जी. कुणालाही आणखी काही सांगावं लागलं नाही. एकेक जण वाकून वाचायला लागला.

"जरा वर लाव की लेका," शेवटी बर्चेल मागून म्हणाला. "वाकून वाकून कंबर गेली आमची."

"हात पोचतो तर तूच ये लावायला," व्हर्जिल म्हणाला.

सगळे हसले आणि हसता हसता खोकले. आमच्या हॉलमध्ये दोन्ही बरोबरच होतं. त्या रात्री व्हर्जिलनं टॅकेटबाईंना माफीचं पत्र लिहिलं. त्यांनी उत्तरात एवढंच कळवलं की सोमवारी दहाला या, रिकाम्या पोटी नको.

त्यांनी पाऊण तास घेतला आणि आजाराचं नाव सांगितलं. नाव वाईटच होतं. पण नावाबरोबर प्राणवायूचं यंत्र आलं, श्वासाचे व्यायाम आले, आणि एक इन्हेलर आलं. मी विचारलं हेच का, तर बाईंनी हसून त्याहून स्वस्त असलेलं लिहून दिलं. प्रेविटनं कंपनीच्या बाजूनं व्हर्जिलचाही एक्स-रे वाचला आणि जुना न्यूमोनिया म्हणून लिहिलं. न्यायाधीशासमोर वांडा उभी राहिली, वाचनालयातून काढलेले त्याच्या साक्षीचे एकतीस निकाल घेऊन. एकतीस माणसं, आणि प्रेविटच्या मते सगळ्यांना न्यूमोनिया. दावा मंजूर व्हायला चौदा महिने लागले. निदानानंतरचा व्हर्जिलचा हा तिसरा वसंत आहे, लेस्टरला तसा एकही मिळाला नाही. क्लॉइडचे, टॅकेटबाईंचे, बर्चेलच्या त्या निकालपत्राचे सुद्धा माझ्यावर उपकार आहेत, आणि मी ते जेवणाआधीच्या प्रार्थनेत एकेक करून मोजते. व्हर्जिल म्हणतो, सूप गार होतं.

वांडा अजून रोज सकाळी सातला येते. यंत्राची नळी कुठे पिळली नाही ना ते पाहते, व्हर्जिलच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावून आकडा वाचते, त्याच्या केसांना नावं ठेवते. जाताना आमच्या पडवीच्या खांबावर खडूनं तारीख घालते आणि खाली डब्ल्यू. एस. लिहिते. पाहुणे विचारतात हे काय गिरगटलंय. मी तो खांब कधी धूत नाही, आणि ती गेली की दार उघडून, दुसरी कॉफी ठेवायच्या आधी, तिथे आजची तारीख आहे ना ते पाहते.